गच्चीवरून उतरणारी तार

कोकणातल्या गावात घरांची तोंडं चारी दिशांना असतात. पण कौलांवर, पडवीच्या खांबावर, परसातल्या लोखंडी पाइपवर लावलेल्या डिश पाहिल्या, तर बहुतेक सगळ्या आग्नेयेच्या बाजूला वळलेल्या दिसतात. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येतात, तो विषुववृत्ताच्या वर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, 35,786 किलोमीटर उंचीवर आहे. चिपळूणहून त्याचा नेम धरायचा, तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे 130 अंश वळायचं आणि क्षितिजापासून 59 अंश वर पाहायचं. सह्याद्रीची भिंत पूर्वेला कितीही उभी असो, हा सिग्नल तिच्या डोक्यावरून येतो. त्याच्या आड येतो तो घराशेजारचा आंबा, नाहीतर दहा वर्षांत वाढलेला माड.

इतक्या लांबून आलेल्या एका ट्रान्सपॉन्डरची 60 सेंटिमीटरच्या डिशवर गोळा होणारी शक्ती साधारणपणे एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाएवढी असते. डिशच्या तोंडाशी बसवलेली एलएनबी ती काही लाख पटींनी वाढवते, तारेत सोडते, आणि ओटीवरच्या टीव्हीवर सह्याद्री वाहिनी लागते. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचं उद्योगाचे अहवाल सांगतात. हे सगळं रोज, बिनबोभाट चालतं, आणि मला ते आजही थक्क करतं.

पण हा लेख त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल आहे. छत्तीस हजार किलोमीटरचा प्रवास बिनचूक होतो आणि डिशपासून टीव्हीपर्यंतच्या वीस-तीस मीटरांत सिग्नलचं मातेरं होतं, हे चित्र मी घराघरांत पाहत आलो आहे. पहिला टप्पा अभियंत्यांनी आकडेमोड करून आखला. दुसरा कुणीच आखला नाही. वास्तुविशारदानं नाही, बिल्डरनं नाही, घरमालकानं तर नाहीच. तो दर वेळी शिडीवर उभ्या असलेल्या मेकॅनिकनं, खिडकीच्या फटीतून जमेल तसा पार पाडला. आपल्या घरात पाण्याचा नळ कुठून येतो, मीटरपासून वीज कुठे जाते, हे ठरवायला नकाशा असतो. टीव्हीच्या तारेला तो नसतो. तो असायला हवा, असं मला ठामपणे वाटतं, आणि का वाटतं ते एका घरातल्या बिघाडावरून सांगता येईल.

चिपळूणजवळच्या एका वाडीतलं हे घर. ओटीवर मोठा टीव्ही, माजघरामागच्या खोलीत आजींचा लहान टीव्ही. डिश एका खासगी डीटीएच कंपनीची, दोन्हींकडे वेगवेगळा बॉक्स, दोन्हींचं रिचार्ज झालेलं. तक्रार अशी की ओटीवरचा टीव्ही आणि बॉक्स बटणावरून बंद केला की आजींचा टीव्ही काळा पडतो. शिवाय ओटीवर एक ठरावीक वाहिनी लावली की आजींच्या काही वाहिन्या जातात, काही मात्र नीट दिसतात. घरच्यांनी आजींचा बॉक्स बदलून आणला होता, टीव्हीही दुरुस्तीला नेऊन आणला होता. त्या दोन्हींत काही बिघाड नव्हताच.

मेकॅनिकनं तक्रार ऐकून घेतली आणि बॉक्सला हात न लावता विचारलं, “काका, तार कुठे फोडलीय?”

वळचणीखाली काळ्या टेपचा एक गोळा निघाला. आत बोटभर लांबीचा स्प्लिटर. डिशवरून येणाऱ्या एका तारेच्या तिथे दोन केल्या होत्या. “केबलवाल्यानं दिला होता जुना, पडून होता,” काका म्हणाले. मेकॅनिकनं मान हलवली. “केबलला चालतो हा. डिशला नाही चालत.”

हा फरक समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल, कारण आपल्याकडे टीव्हीची तार दोन वेळा बदलली आणि प्रत्येक वेळी आपण जुनीच सवय नव्या तारेवर चालवत राहिलो.

*

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि वरळीचा मनोरा शहराच्या आकाशरेषेत आला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि पुण्यातल्या छपरांवरचे अँटेना नैऋत्येला, गडाकडे वळले. तो अँटेना म्हणजे यागी-उदा. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी 1926च्या सुमारास मांडलेली ही रचना: एका आडव्या दांड्यावर ओळीनं बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. त्यातली एकच नळी, दुमडलेली, तारेला जोडलेली असते. मागची लांब नळी सिग्नल परतवते, पुढच्या आखूड नळ्या तो गोळा करून आणतात. नळीची लांबी तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास लागते. व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात, 47 ते 68 मेगाहर्ट्झमध्ये, ती दोन मीटरांहून जास्त भरते. म्हणूनच त्या काळचे अँटेना इतके दांडगे होते आणि कावळ्यांना त्यांवर ऐसपैस बसता येत असे.

त्यातून उतरणारी तार चपटी, फितीसारखी, 300 ओहमची. तिला एक पथ्य होतं: भिंतीला, पत्र्याला, पन्हळीला चिकटवायची नाही. फितीच्या दोन तारांमधली आणि भोवतालची जागा हीच सिग्नलची वाट असल्यानं जवळ लोखंड आलं किंवा ती पावसानं भिजली की चित्रावर मुंग्या यायच्या. जाणकार मेकॅनिक तिला टेकू देऊन भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचे. बाकीच्यांनी ती खिळ्यांनी ठोकली.

तेव्हा घरात टीव्ही एकच, बहुतेक वेळा अख्ख्या वाड्यात एकच. सिग्नल घरात वाटायचा प्रश्न नव्हता, माणसांनाच एका खोलीत वाटून घ्यावं लागे. अडचण होती ती डोंगरांची. हा सिग्नल जवळपास सरळ रेषेत चालतो. डोंगराच्या सावलीतल्या गावाला तो मिळत नाही, किंवा दुसऱ्या डोंगरावर आपटून मिळतो. आपटून आलेला सिग्नल तीन किलोमीटर जास्त चालून आला, तर दहा मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. पडद्यावरची एक ओळ 52 मायक्रोसेकंदांत रेखली जायची, त्यामुळे निवेदिकेच्या उजवीकडे पडद्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकी सरकलेली तिचीच फिकट सावली उभी राहायची. अँटेना थोडा फिरवून ती सावली घालवणं हे खरंखुरं कसब होतं. गच्चीवर एक जण, खिडकीत दुसरा, टीव्हीसमोर तिसरा, आणि तिघांमध्ये “आलं का?” – “गेलं!” – “थांब, थांब, तिथेच!” अशी साखळी. पुढे इन्सॅट-1बी 1983 साली वर गेला, त्यावरून कार्यक्रम घेऊन स्थानिक पातळीवर फेकणारी शंभर वॅटची लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं 1984पासून देशभर धडाधड उभी राहिली, आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना दूरदर्शन पोहोचलं.

मग केबल आली. मुंबईतल्या इमारतींमध्ये ऐंशीच्या दशकात एका खोलीत व्हीसीआर लावून मजल्यामजल्यावर तार फिरवली जाऊ लागली होती. 1991च्या सुरुवातीला आखाती युद्धाची थेट दृश्यं डिशवरून दिसली, त्याच वर्षी एशियासॅट-1वरून स्टार टीव्ही आला, 2 ऑक्टोबर 1992ला झी सुरू झाला, आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. त्यांच्या गच्चीवर आठ-दहा-बारा फुटांच्या जाळीच्या छत्र्या होत्या. त्या सी बँडच्या, म्हणजे चार गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. प्रत्येक वाहिनीला वेगळा रिसीव्हर, प्रत्येक रिसीव्हरला वेगळा मॉड्युलेटर, आणि सगळ्या वाहिन्या एकत्र करून एका कोॲक्सियल तारेत सोडलेल्या. झाडावरून, विजेच्या खांबावरून, या गॅलरीतून त्या गॅलरीत ती तार जायची. कायदा आला 1995 साली. तोवर तारांचं जाळं पडून गेलेलं होतं.

या तारेचा गुण असा की तिच्यात सगळ्या वाहिन्या एकाच वेळी वाहत असतात. पाण्याच्या नळाला टी लावून दुसरी तोटी काढावी, तशी ती फोडता येते. दोन्हीकडे तेच पाणी, फक्त दाब कमी. हा दाब डेसिबलमध्ये मोजतात. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक फाट्याला साधारण साडेतीन डेसिबलची घट येते, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी शक्ती उरते. चार फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये सात डेसिबल. मधल्या तारेत आणखी काही जाते. पुरेसा सिग्नल आत येत असेल तर तीन खोल्यांत तीन टीव्ही सहज चालायचे, आणि केबलवाल्याला जादा पैसे न देता चालायचे. बाजारात पंधरा-वीस रुपयांना स्प्लिटर मिळायचा. घरातल्या थोरल्या मुलानं एका रविवारी तो लावून टाकायचा. सिग्नल घरात कसा वाटायचा हे घर स्वतः ठरवू शकत होतं, तो काळ हाच.

डिजिटल केबल सक्तीची झाली आणि तो संपला. मुंबईत 31 ऑक्टोबर 2012ची मुदत होती, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद अशा शहरांत 31 मार्च 2013ची. वाहिन्या कुलूपबंद झाल्या, टीव्हीगणिक बॉक्स आला, बॉक्सगणिक भाडं आलं. चित्र सुधारलं, चोरी थांबली, हे मान्यच आहे. पण त्याबरोबर एक ज्ञानही घरातून गेलं. तारेत काय वाहतं, ती कुठे फोडायची, कुठे नाही, हे कळण्याची गरजच उरली नाही, आणि गरज संपली की माहितीही संपते. वळचणीखालच्या त्या स्प्लिटरची मुळं इथे आहेत.

*

आता डिश. के-यू बँडवर उपग्रहाचा सिग्नल 10.7 ते 12.75 गिगाहर्ट्झमध्ये येतो. इतकी उच्च वारंवारता साध्या तारेतून दहा मीटरही धड जाणार नाही. म्हणून एलएनबी तिथल्या तिथे ती खाली आणते, 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि मग तारेत सोडते. इथेच अडचण आहे. वरचा पट्टा दोन हजार मेगाहर्ट्झहून रुंद, शिवाय तो दोनदा वापरलेला, एकदा उभ्या ध्रुवीकरणात आणि एकदा आडव्या. तारेतली जागा मात्र बाराशे मेगाहर्ट्झ. सगळं एकाच वेळी मावत नाही. म्हणून त्याचे चार भाग पाडलेले असतात, आणि बॉक्स ज्या भागातली वाहिनी हवी तेवढाच भाग मागवतो. मागणी त्याच तारेतून वर जाते. तेरा व्होल्ट दिले तर उभं, अठरा दिले तर आडवं. त्यावर 22 किलोहर्ट्झचा बारीक सूर चढवला तर पट्ट्याचा वरचा अर्धा, नाहीतर खालचा. एलएनबीला चालायला लागणारी वीजही याच व्होल्टांतून मिळते.

म्हणजे ही तार दुतर्फा आहे. चित्र खाली येतं, हुकूम आणि वीज वर जातात. तिला दोन मालक चालत नाहीत. आजींच्या घरातल्या स्प्लिटरच्या दोन फाट्यांपैकी एकातूनच वीज वर जात होती, आणि तो फाटा ओटीवरच्या बॉक्सचा होता. ओटीवरचा बॉक्स बंद झाला की एलएनबीच बंद. ओटीवर अठरा व्होल्टची वाहिनी लागली की एलएनबी आडव्या भागावर जायची, आणि आजींची उभ्या भागातली मालिका गायब. त्यांच्या काही वाहिन्या टिकून राहायच्या, त्या योगायोगानं त्याच भागातल्या होत्या. एखाद्या सेवेच्या सगळ्या वाहिन्या एकाच ध्रुवीकरणात आणि एकाच अर्ध्या पट्ट्यात असतील, तर असा स्प्लिटर खपून जातो. त्यामुळेच “आमच्या शेजारी तर चालतं” हे वाक्य मेकॅनिकला रोज ऐकावं लागतं.

उपाय दोन तोंडांची, म्हणजे ट्विन एलएनबी आणि डिशपासून आजींच्या खोलीपर्यंत दुसरी स्वतंत्र तार. चार टीव्ही असतील तर चार तोंडांची एलएनबी. प्रत्येक बॉक्सला आपली तार, आपला हुकूम.

मेकॅनिक काम करत होता ते मी जवळून पाहिलं. आरजी-6 तारेचं टोक त्यानं ब्लेडनं गोल फिरवून सोललं. बाहेरचं काळं प्लास्टिक, खाली बारीक तारांची जाळी, तिच्याखाली ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मग पांढरा फोम आणि मधोमध तांब्याची एक सरळ तार. जाळी त्यानं मागे उलटी वळवली, बोटाच्या पेरानं दाबून बसवली, आणि तार डोळ्याशी धरून फिरवून पाहिली. जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तांब्याला टेकला होता. तो त्यानं नखानं बाजूला केला. “हा राहिला असता ना, तर बॉक्स म्हणाला असता एलएनबी शॉर्ट. आणि माणूस म्हणाला असता बॉक्स खराब.” मग कनेक्टर पिळत चढवला. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर किंचितच ठेवली. जास्त ठेवली तर समोरच्या खोबणीत वाकते, कमी ठेवली तर टेकत नाही. सोललेला तुकडा, फोमचे कण, जाळीचे धागे त्यानं गोळा करून खिशात टाकले, कारण अंगणात कोंबड्या होत्या.

डिश त्यानं एलएनबी बदलल्यावर पुन्हा साधली. 60 सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. कड एक सेंटिमीटर सरकली तरी जवळपास एक अंशाचा फरक पडतो. टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीची, एक दर्जाची. ताकद भरपूर आणि दर्जा शून्य असं दिसलं, तर डिश वेगळ्याच उपग्रहाकडे पाहत असण्याची शक्यता असते. एलएनबी स्वतःचा गोंगाटही ताकद म्हणून दाखवते, त्यामुळे नेम धरताना दर्जाच्या पट्टीवरच भरवसा ठेवायचा. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी फिरवायची, म्हणजे उभं-आडवं नीट वेगळं होतं. हा शेवटचा भाग बरेच जण सोडून देतात. स्वच्छ आकाशात त्याशिवायही चित्र दिसतं. फरक कळतो तो पावसात.

*

के-यू बँडला पाऊस सोसत नाही. तरंगलांबी अडीच-तीन सेंटिमीटर, आणि थेंब ती शोषतात, विखुरतात. मुसळधार सरीत चित्राचे चौकोन होतात, मग चित्र जातं. सी बँडच्या मोठ्या छत्र्यांना हा त्रास फारसा नव्हता. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या सिग्नलला तर तो जवळजवळ नाहीच. कोकणात जूनपासून हे चालायचंच, असं लोक धरून चालतात. माझं म्हणणं आहे की त्यातलं बरंचसं पावसाच्या नावावर खपतं. सर ओसरल्यावर पाच मिनिटांत चित्र परत आलं, तर तो पावसाचा दोष. आकाश मोकळं झाल्यावरही दुपारपर्यंत आलं नाही, तर पाणी कनेक्टरमध्ये गेलेलं आहे. तार डिशवरून येऊन थेट भिंतीच्या भोकात शिरत असेल, तर पाणी तिच्या अंगावरून चालत घरात येतं, आणि जाळीतून आतल्या आत उतरत बॉक्सपर्यंत पोहोचू शकतं. भोकाआधी तार खाली झोळ देऊन वर घ्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. कनेक्टरवर रबरी टोपी किंवा स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. यातल्या कशालाच फारसा खर्च नाही.

किनाऱ्यालगत खारी हवा कनेक्टर दोन-तीन वर्षांत खाते. माकडं डिशच्या दांड्यावर लोंबकळतात, त्याला जाड पाइप आणि काँक्रीटमध्ये रोवलेला पाया याखेरीज उत्तर नाही. विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढणं बहुतेकांना माहीत असतं, पण डिशची तार बॉक्समध्ये तशीच राहते. उंच पाइपवरची डिश जमिनीला जोडलेली नसेल, तर नुसता प्लग काढून भागत नाही. डिशच्या पाइपचं अर्थिंग करायला हवं. मी पाहिलेल्या गावांतल्या घरांत ते क्वचितच होतं, आणि ही गोष्ट चित्राच्या दर्जाहून कितीतरी गंभीर आहे.

*

शहरात पाऊस तोच, पण तारांचा गुंता निराळा. मुंबई-ठाण्यातल्या सात-आठ मजली सोसायटीच्या गच्चीवर जाऊन पाहावं. तीस-चाळीस डिश, आणि त्या एका दिशेला नसतात, कारण प्रत्येक सेवेचा उपग्रह वेगळा. मुंबईहून 83 अंशांवरचा उपग्रह साधारण 151 अंशांच्या दिशेला आहे, 93.5वरचा 131च्या, तर 108.2वरचा 115च्या. प्रत्येक डिशसाठी गच्चीच्या कोब्यात किंवा कठड्यात चार बोल्ट मारलेले. वॉटरप्रूफिंगवर सोसायटीनं लाखो रुपये घातलेले असतात, आणि त्याच थरातून बोल्ट आरपार गेलेले. मग वरच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि सर्वसाधारण सभेत भांडण होतं. तारा कठड्यावरून बाहेर सोडलेल्या, वाऱ्यावर आपटणाऱ्या. कुटुंब घर सोडून गेलं तरी डिश आणि तार तिथेच राहते. कुठली चालू, कुठली मेलेली, हे कुणालाच सांगता येत नाही.

ब्रिटन-जर्मनीतल्या अनेक इमारतींमध्ये गच्चीवर एका उपग्रहासाठी एकच चांगली मोठी डिश असते. चार भागांच्या चार तारा तिच्यापासून निघतात, पाचवी तार जमिनीवरच्या प्रसारणाच्या अँटेनाची. या पाच तारा डक्टमधून खाली येतात. ठरावीक मजल्यांवर मल्टीस्विच नावाचा डबा बसवलेला असतो. घरातला बॉक्स तेरा-अठरा व्होल्टांचा हुकूम देतो तो डिशपर्यंत जातच नाही, मल्टीस्विच तो ऐकतो आणि चारपैकी हवी ती तार त्या घराला जोडतो. दहा घरं दहा वेगळ्या वाहिन्या पाहू शकतात, कुणाचा हुकूम कुणाच्या आड येत नाही. हे तंत्र भारतात नवं नाही. अनेक घरांच्या इमारतींसाठी सामायिक डिशची सोय डीटीएच कंपन्या देतात, साहित्य बाजारात आहे, बसवणारे आहेत. आपल्याकडे कमतरता आहे ती डक्टमध्ये जागा ठेवण्याची आणि सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची. लिफ्टच्या दुरुस्तीवर तीन तास बोलणारी सोसायटी या विषयावर तीन मिनिटंही देत नाही, आणि ओलीच्या दुरुस्तीचा खर्च मात्र सगळे मिळून भरत राहतात.

त्या पाचव्या तारेबद्दल मला आवर्जून लिहायचं आहे. जमिनीवरून होणारं प्रसारण संपलं असं बहुतेकांना वाटतं, कारण दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं टप्प्याटप्प्यानं बंद झाली. पण 2016 साली दूरदर्शननं 16 शहरांत डीव्हीबी-टी2 हे डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. महाराष्ट्रातली त्यातली दोन शहरं म्हणजे मुंबई आणि औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. त्याला डिश लागत नाही, एक लहान यूएचएफ अँटेना पुरतो. भाडं नाही, पावसाची भीती नाही, इंटरनेटचा खर्च नाही. टीव्हीत टी2 ट्यूनर मात्र हवा. या सेवेचा प्रचार फारच थोडा झाला, आणि सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली एक सोय लोकांच्या डोक्यावरून वाहून जात राहिली, याची मला खंत आहे.

हा सिग्नल घरात आणायला वेगळी तारही लागत नाही. जमिनीवरचं प्रसारण 862 मेगाहर्ट्झच्या खाली संपतं, डिशचा सिग्नल 950च्या वर सुरू होतो. मधल्या मोकळ्या जागेमुळे दोन्ही एकाच तारेतून सुखानं चालतात. गच्चीवर त्यांना एकत्र करणारा एक छोटा डबा, खोलीत वेगळं करणारा दुसरा, त्याला डायप्लेक्सर म्हणतात. एक तोंड टीव्हीच्या अँटेना खोबणीत, दुसरं बॉक्समध्ये. व्होल्ट डिशच्या बाजूनंच जातील अशी आत व्यवस्था असते.

एवढं सगळं कशाला, आता तर फायबर आहे, मोबाइल आहे, असं तरुण मंडळी म्हणतात. ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्यापुरतं ते खरं आहे. पण इंटरनेटवर दर महिन्याचा खर्च आहे, आणि आजींच्या वाडीत पावसाळ्यात पहिली तुटते ती फायबरच. डिशवरून येणारं चित्र एक घर पाहो वा कोटभर, प्रसारणावर ताण येत नाही. हा गुण इंटरनेटमध्ये नाही. शिवाय बॉक्सची गरजही कमी होत चालली आहे. उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्यूरोनं आयएस 18112 हे मानक 2022मध्ये काढलं. अशा टीव्हीला डिशची तार थेट लागते आणि फ्री डिशच्या वाहिन्या दिसतात. तार मात्र तेव्हाही खोलीत यायलाच हवी, आणि प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र यायला हवी, कारण तेरा-अठरा व्होल्टांचा हिशोब टीव्हीच्या आत गेला तरी बदलत नाही.

आजींच्या घरची दुसरी तार शेवटी माजघराच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून न्यावी लागली, सागाच्या जुन्या चौकटीला भोक पाडून. मेकॅनिकला ते करवत नव्हतं. त्यानं काकांना दोनदा विचारलं. दुसरी वाट नव्हती. काका मागे दोन खोल्या वाढवणार आहेत हे कळल्यावर मेकॅनिकनं बाहेर येऊन त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काकांनी ते वहीत लिहून घेतलं. घर बांधणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून तसंच देतो.

स्लॅब पडायच्या आधी टीव्हीच्या तारेची नळी टाका, विजेच्या नळीत ती कोंबू नका, दोन्हींत वीतभर अंतर असू द्या. नळी 25 मिलिमीटरची घ्या, वळणं गोल ठेवा, काटकोनात कोपरा नको, तार मोडते. सगळ्या खोल्यांच्या नळ्या एकाच ठिकाणी आणून सोडा, या खोलीतून त्या खोलीत अशी माळ करू नका. ते ठिकाण गच्चीच्या जिन्याजवळ, पावसापासून आत, आणि तिथे विजेचा एक पॉइंट ठेवा, पुढे कधी मल्टीस्विच लावायचा झाला तर लागेल. तिथून गच्चीवर दोन नळ्या काढा, वरची तोंडं खाली वळवून. डिशचा पाइप बांधकामातच रोवून घ्या, आग्नेयेला मोकळं आकाश दिसेल अशा कोपऱ्यात, आणि त्याला अर्थिंगची पट्टी तेव्हाच जोडा. तार आत्ता नाही घेतली तरी चालेल, पण प्रत्येक नळीत एक नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा. आणि कुठली नळी कुठल्या खोलीत जाते ते रंगानं लिहून ठेवा, गिलावा झाल्यावर ते गवंड्यालाही आठवणार नाही.